चेरीची बरणी

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी एलिसेओ येतो.
पोस्टाची पिवळी बस चर्चच्या वळणावर थांबते
आणि ड्रायव्हर दोनदा हॉर्न देतो,
म्हणजे नोटबुर्गाबाईंनी शेगडीत लाकूड वाढवावं.
पोटमाळ्यावरची खोली त्याची.
छत असं उतरतं की ताठ उभं राहायचं ते दारापाशी,
पुढचं सगळं वाकून.
भाडं आगाऊ देतो, नोटा दोनदा मोजून,
आणि वर ओशाळतो,
जणू पैसे मीच त्याला देतेय.

अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत
या माणसाच्या वाट्याला उन्हाळा आलेला नाही.
इथला बर्फ विटला की तो विमानात बसतो,
पृथ्वीच्या पार दुसऱ्या कुशीला, आईच्या गावी,
तिथल्या डोंगरावर तेच सांगत राहतो:
गुडघे सैल, नजर पुढे, पायांकडे बघू नका.
तिथला विटला की पुन्हा माझ्या दारात.
तिथली पानगळ त्याला भेटते, पालवीही भेटते,
मधलं फळ तेवढं चुकतं.

म्हणून जुलैत मी बरणी भरते.
परसातल्या चेरी, बियांसकट
(बी काढली की चव जाते, असं आमचे हे म्हणायचे;
खरं म्हणजे आळशी होते),
पाकात दालचिनीचा एक तुकडा.
रात्री तो चार खातो. चारच.
बिया बशीच्या काठाला ओळीने लावतो,
त्याच्या पोरांच्या रांगेसारख्या.

ती रांग मला स्वयंपाकघरातून दिसते.
पुढे लाल जॅकेट, मागे डुगडुगती हेल्मेटं,
आणि शेवटी कोणीतरी बसकण मारलेलं.
एकदा रॉटरडॅमची फेना म्हणून एक होती,
उठेचना. तो शेजारी जाऊन बसला
वीस मिनिटं. काहीही शिकवलं नाही.
मग ती उठली, आणि त्याला हात दिला.

चार भाषांत तो म्हणू शकतो, पडलीस तर पडलीस.
माझ्या बोलीत दोनच गोष्टी:
शुभ रात्री, आणि लाकडं संपली.
मार्चपर्यंत चेहऱ्याचे दोन भाग होतात,
गॉगलच्या वर पांढरा, खाली तपकिरी,
कॉफीत अर्धं बुडवून काढलेलं बिस्कीट.

तर यंदा, मार्चच्याच वीस तारखेला,
हजारोंना पडायचं कसं ते शिकवलेला हा माणूस
माझ्या मागच्या पायरीवर घसरला.
हातात कचऱ्याची पिशवी.
गुडघा गेला. इथला मोसम गेला, तिथलाही गेला.
भाडं घेणार नाही म्हटलं तर
तीन दिवस बोलला नाही.

एप्रिलात लिफ्टच्या खुर्च्या उतरवल्या.
उतार वितळला आणि पोटातलं ओकू लागला:
एकेकटे हातमोजे, चष्मे, कोणाचीतरी कवळी.
मग एका आठवड्यात हिरवं.

जूनच्या अखेरीला कुबड्या टेकत तो वर गेला.
मी मागून, टोपली घेऊन, उगाच.
आम्ब्रोसच्या गाई चरत होत्या. शेण, दगड, पिवळी फुलं.
त्याने विचारलं, हे कुठलं?
म्हटलं, हीच तुझी शाळा.
मग त्याला ओढा ऐकू आला.
ओढा आहे इथे?
आहे की. पहिल्यापासून आहे.
बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.
उतरताना, कुबड्यांवरसुद्धा, सरळ आला नाही;
डावीकडे, मग उजवीकडे, मग डावीकडे,
मागे कोणी नसताना.

काल चेरी पिकल्या. मी बरणी उकळून
उन्हात पालथी घातली होती.
तो झाडाखाली आला, एक तोडली,
तोंडात घातली आणि थांबला.
मला वाटलं किडकी निघाली.

गरम आहे, म्हणाला.

माझ्या बोलीत म्हणाला. हा शब्द
कुठे शिकला, कोणास ठाऊक.