हल्ली

एकवीस वर्षं मी हेस्कॉमचे मीटर वाचले.
खानापूर, नंदगड, बिडी, जांबोटी;
आधी सायकल, मग लूना, शेवटी गुडघे.
पेटीचं दार उघडताना एक पाऊल बाजूला व्हायचं
हे कुणी शिकवलं नव्हतं.
आत आकडे असतात, आणि पाल असते.

आकडे महिन्यागणिक पुढे सरकायचे.
ती तिथेच,
वायरच्या उबेला पोट लावून.

भाताच्या गिरणीतली, कोंड्याने पिठूळ.
लोंढ्याच्या रेल्वे क्वार्टरातली, ट्यूबलाइटवर पोसलेली.
नंदगडच्या शिंप्याकडची एकदा शेपटीशिवाय दिसली;
दोनतीन फेऱ्यांनी नवी आलेली, आखूड, नक्षी नसलेली,
गिऱ्हाईक दारात उभं असताना लावलेल्या ठिगळासारखी.
कुणाचा मीटर फारच सावकाश पळत असला
की माझ्या मनात चुकचुकायची ती पाल वेगळी.
पेटीतली कधी कुणाविरुद्ध बोलली नाही.

इटगीत अक्कव्वा बडिगेर ओरडली, हल्ली! हल्ली!
मी उभा.
हल्ली काय? हल्ली वीज जाते? हल्ली बिल फार येतं?
पुढच्या वाक्याची वाट बघतोय
तेवढ्यात ते खांद्यावर पडलं, गार,
आणि चार पायांनी निघून गेलं.
उजवा की डावा, तिने खुणेने विचारलं.
उजवा.
चलो आतु, म्हणाली, आणि चहा टाकला.

तर त्यांच्यात हल्ली म्हणजे पाल, हळ्ळी म्हणजे गाव.
जीभ कुठे टेकते एवढाच फरक.
पाल जिभेने डोळे पुसते.
पापण्या दिलेल्याच नाहीत तिला.

रिटायर झालो आणि प्रणोती मुतगेकर आली, डोक्याला विजेरी बांधून.
काका, तुम्हाला भिंती माहीत आहेत म्हणे.
तिने नाव सांगितलं, हेमिडॅक्टिलस.
अर्ध्या बोटांची. बोटाखाली दुभंगलेल्या पट्ट्या.
भिंतीतल्या तेवढ्या आपल्या ओळखीच्या, ती म्हणाली,
याच प्रजातीतल्या बाकीच्या
घरात कधी आल्याच नाहीत.

गोकाकला, घटप्रभेच्या कपारीत,
वितीएवढी एक बघितली, खडकाच्याच रंगाची;
खडकाने श्वास घेतला तेव्हा दिसली.
भीमगडाकडच्या रानात एक खोडाला अशी चिकटलेली
की मी सालीवरच हात ठेवणार होतो.
कणकुंबीच्या सड्यावर दगडाखाली करंगळीएवढी,
पाठीवर आडवे पट्टे,
तिला भिंत म्हणजे काय ते ठाऊक नाही,
चढायचं कशाला, आभाळ तर गुडघ्यापासूनच सुरू होतं तिथे.

दगड परत ठेवताना प्रणोतीने माझा हात धरला.
तसाच, काका. तीच बाजू खाली. तोच खळगा.
इतक्या घरांत गेलो,
दार लोटून घ्या असं कुणी इतक्या काळजीने सांगितलं नव्हतं.

तिच्या वहीत मी रकाने भरतो:
वेळ, उंची, खडक की साल, ओल किती.
हात सवयीने मागचं रीडिंग शोधतो.
मागचं नाही.
इथवर खांब आलेला नाही, इथे आधी कुणी वाचलेलं नाही,
वजा कशातून करायचं?

बायको विचारते, हल्ली रात्री कुठे असता?
हल्लीपाशीच, म्हणतो.
ती बेळगावातच वाढलेली, दोन्ही अर्थ तिला कळतात,
हसत मात्र नाही.

परवा स्टोअरमध्ये गेलो होतो, पेन्शनच्या कागदासाठी.
काढलेले जुने मीटर पोत्यांत भरून ठेवलेले.
नवे सीलबंद, फट म्हणून नाही.
एका मीटरच्या पाठीला दोन अंडी, पांढरी,
खडूच्या तुकड्यांसारखी टणक.
प्रणोतीला फोन केला. भोक आहे का बघा, ती म्हणाली.
एकाला होतं.
दुसरं मी कानाशी धरलं,
आणि स्टोअरकीपर पावती घेऊन थांबला होता,
किती वेळ, सांगता येत नाही.