वेगळा ट्रे

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये आमच्या गल्लीचं जेवण.
स्पॉल्डिंगची माती काळी, सपाट,
इथे काय न्यायचं हा प्रश्न पडत नाही. बटाटे.
तीन किलो मॅरिस पायपर,
रॉन पिंचबेकनेच दारात आणून ठेवलेले,
पिशवीचं तोंड सुतळीनं आवळून.

चाळीस वर्षं त्यानं याच बटाट्यांचा ट्रक हाकला.
आणि जेवायला येतो तेव्हा
बगलेत स्वतःचा डबा.
गहू चालत नाही त्याला. जव नाही, राय नाही.
चिमूटभर मैदा सॉसमध्ये लपला तरी
दोन दिवस आतडी पिळवटतात.
"तुम्ही बसा, माझं मी आणलंय,"
असं म्हणत टेबलाच्या टोकाला, दाराजवळ,
झाकण उघडतो जपून,
आवाज झाला तर माफी मागावी लागेल जणू.

म्हणून ठरवलं होतं: मोठा ट्रे सगळ्यांना,
मैद्याच्या पांढऱ्या सॉसचा, प्रणोती करते तसा,
आणि एक छोटा, रॉनचा.
वर पट्टी चिकटवून नाव लिहायचं.

सकाळी चष्मा लावून डब्यांच्या पाठी वाचत बसलो.
मोहरीच्या पिवळ्या पुडीत गहू!
स्टॉकच्या वडीत जव.
सगळं मागे सारलं. चीजचा अख्खा ठोकळा घेतला,
किसणी कढत पाण्यानं दोनदा धुतली.
लाकडी फळी नको,
तिच्या भेगांत सहा वर्षांचा पाव आहे.

जुन्या आठ आण्याएवढी जाड कापं.
हात सवयीनं पाण्याच्या पातेल्याकडे गेला,
काळी पडतील म्हणून.
थांबलो. धुवायची नाहीत.
यांचा चीक यांनाच लागणार,
क्रीमला धरून ठेवायला.

मग छोटा ट्रे काढायला कपाट उघडलं.
सर्वांत खाली, कोपऱ्यात होता.
उपडा.

बार्शीला, मास्तरीणबाईंच्या मागच्या दारी,
न्हाणीशेजारच्या कोनाड्यात
कान तुटलेला एक कप असाच असायचा.
अंगण झाडून झालं की आई तो स्वतः उचलायची,
बाई वीतभर उंचावरून चहा ओतायच्या.
पिऊन झाल्यावर विसळून
परत तिथंच.
आई त्याला 'माझा कप' म्हणायची.
मी सात वर्षांचा. मला वाटायचं,
केवढा मान, आईचा स्वतंत्र कप आहे.

ते आणि हे एक नाही, कळतं मला.
रॉनला कुणी दाराशी बसवलेलं नाही,
त्याच्या पोटानं बसवलंय.
पण हाताला कसं समजावणार?
छोटा ट्रे उचलला. ठेवून दिला.

सगळीच कापं मोठ्यात लावली.
क्रीम, थोडं दूध, ठेचलेला लसूण,
थाइमच्या दोन काड्या, मिरी,
जायफळ, पुरणात घालतो त्याहून कमी.
मैदा नाहीच. कुणालाच नाही.
वर फॉइल, एकशे ऐंशीवर तासभर,
मग फॉइल काढून पंचवीस मिनिटं,
कडेला खरवड तपकिरी होईपर्यंत.

हॉलमध्ये रॉन आला, बगलेत डबा.
म्हटलं, "सगळ्यांचं एकच आहे. पण आधी तू घे,
कुणाचा पावाचा चमचा शिरायच्या आत."
तो ट्रेकडे बघत राहिला.
"मोहरी?"
"नाही."
"स्टॉक?"
"नाही."
"फळी?"
"नवी."
डबा खुर्चीखाली गेला.

बोलला काहीच नाही.
दुसऱ्यांदा उठला तो थेट कोपऱ्याची खरवड
मुळापासून खरवडून घेऊन गेला,
आणि मिसेस टॉफ्ट त्याच्यावर चिडली,
तिचा डोळा होता त्या कोपऱ्यावर.

रात्री आईला फोन केला.
रॉनचं सांगितलं, क्रीमचं, ओव्हनचं.
कपाचं नाही सांगितलं.
तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,
"कापं धुतलीच नाहीस? मग काळी नाही पडली?"
नाही गं.
नाही पडली.