पुनर्मिल-

साखर पेठेत माझा छापखाना.
लग्नाच्या पत्रिका, बारशाच्या, दहाव्याच्याही.
बंद मिलच्या चाळीतल्या पोरांची पत्रिका ही पहिलीच,
आणि पोरं आता साठीची.

पेंटप्पा गड्डम चौघडी कागद घेऊन आला.
‘सगळे परत जमूया’ एवढंच त्यावर,
खाली रविवार, त्याखाली ‘जेवण आहे’.
वर कायतरी भारदस्त घाला ओ, म्हणाला,
पत्रिका वाटली पाहिजे, पावती नको.

मी घातलं : पुनर्मिलन सोहळा.
टाइप मोठा, कार्ड लहान.
शब्द ओळीत मावेना, काठाशी मोडला,
वर पुनर्मिल, खाली न.

त्यानं प्रूफ डोळ्यांपासून लांब धरलं
आणि बोट फिरवत वाचलं :
पुन्हा. मिल. न.
बरोबर लिहिलाय, म्हणाला.

मी कपाटातला कोश काढला,
वाळवीनं ‘क’ ते ‘ग’ खाल्लेला.
मिल् : धातू. भेटणे, जुळणे, एक होणे.
मेळ त्यातला, मेळा त्यातला,
पगार मिळतो तो, आमटी मिळून येते तीही.
तुमची मिल वेगळी, मी सांगितलं,
ती साहेबाची, मुळात पीठ दळणारी.
नुसता आवाज सारखा. नातं नाही.

नातं कसं नाही ओ?
भोंगा झाला की अख्खी पाळी
एका दारातनं आत मिळायची.

मी गप्प. कोश मिटला.

मग तोच म्हणाला, आमच्यात दुसरा शब्द आहे.
आई घरच्या मागावर बसायची.
ताणा संपत आला तरी पुरता संपू द्यायची नाही,
फणीत ओवलेला हातभर मागं ठेवायची,
आणि नव्या ताण्याचं एकेक टोक
त्याच्या एकेका टोकाला लावून,
बोटं राखेत बुडवून, पीळ द्यायची.
गाठ नाही. नुसता पीळ.
अतुकु म्हणतात त्याला.
दोन हजार धागे. आम्ही भावंडं टोकं उचलून द्यायचो,
माझं लक्ष पतंगाकडं, चुकीचं टोक दिलं की
राखेच्या बोटांनी गालावर एक.

मी विचारलं, कापडात दिसायचं का, कुठं जोडलंय ते?
हात फिरवला की लागायचं.
तेवढं वीतभर कापड शेठजीकडं जायचं नाही.
घरात राहायचं. कडक भाकरी
त्यातच गुंडाळलेली असायची.

मी टाइप बारीक करायला घेतला,
शब्द एका ओळीत यावा म्हणून.
असू द्या, म्हणाला. तसाच छापा.

सत्तर कार्डं, पन्नास रुपये आगाऊ.
जिना अर्धा उतरून त्यानं हाक मारली :
सत्तर नको, साठ काढा.
मी आकडा खोडला.
खाली सायकलचं स्टँड वाजलं, मग पुन्हा
जिन्यावर पावलं.
राहू द्या, म्हणाला, धापा टाकत. सत्तरच.