उलट नोंद

रात्रीचे सव्वा अकरा. कॅनडा कॉर्नरच्या लॅबमध्ये
सेंट्रिफ्यूज थांबलंय, फ्रीज गुरगुरतोय,
मी लॉग वाचतोय.
दोनशे पन्नास, ओके.
दोनशे पन्नास, ओके.
म्हणजे समोरच्यानं पत्र हातात घेतलं,
दार लावलं,
पुढं काय केलं ते सांगायला तो बांधील नाही.

पळशाच्या गायखेबाईंचा आज चौथा फोन:
थायरॉइडचा रिपोर्ट आला नाही हो.
स्पॅममध्ये बघा, मी म्हणतो.
ते कुठं असतं?
ते नातवाला माहीत. नातू क्लासला गेलेला.

एसपीएफ बरोबर. सही बरोबर,
सर्व्हरची आणि डॉक्टर कोठुळ्यांचीही.
काळ्या याद्या पाहिल्या, एकीतही आम्ही नाही.
मोठ्या कंपनीचा फॉर्म भरला. तीन मिनिटांत उत्तर:
आपल्या पत्त्याबाबत कोणतीही अडचण आढळली नाही.
पुन्हा लिहिलं. या वेळी दोन मिनिटांत, तेच.
हे उत्तर मात्र थेट इनबॉक्समध्ये.

मग जरा धागा लागला. शेजारच्या आकड्यावर,
शेवटी फक्त एकनं जास्त,
कुणीतरी महिनाभर लॉटऱ्या वाटत होतं.
त्या आळीत आम्ही दिवाळीनंतर राहायला आलो,
भाडं कमी म्हणून.
सुक्याबरोबर ओलंही जळतं, पण इथं
धूरसुद्धा दिसत नाही.

आणि उलट नोंद राहिलेली. नावावरून आकडा सापडायचा;
आकड्याला नाव विचारलं की
भाड्याच्या मशीनचं भलतंच लांबलचक काहीतरी.

अण्णा गेले तेव्हा रामकुंडावर गुरुजींनी
आधी गाव विचारलं, मग आडनाव,
मग लाल कापडातून आडवी वही काढली
आणि बोट ठेवलं: हे तुमचे पणजोबा.
मोडीतली सही, जरा उजवीकडे कललेली.
मी रडलो. गुरुजी ताडून बघत होते,
नावावरून गाव, गावावरून नाव.
जुळलं, तेव्हा कुठं पुढचा मंत्र.

नोंद केली. पसरायला एक दिवस लागतो म्हणतात.
आता रोज चाळीसच पत्रं सोडायची,
जे नक्की उघडतील त्यांनाच आधी.
नव्या सुनेनं पहिले काही दिवस
हळू आवाजात बोलावं, तसं.

सकाळी गायखेबाई स्वतःच आल्या, सिटीलिंकनं,
घामाघूम. कागदच द्या म्हणाल्या.
दिला. चष्मा वर करून वाचला.
नॉर्मल आहे की! मग यात लपवण्यासारखं काय होतं?
मी म्हटलं, मावशी, फोन द्या जरा.
नको तिथं, जाहिरातींच्या ढिगाऱ्यात
आमची सहाही पत्रं पडलेली, न उघडता.
इथं दाबा. स्पॅम नाही, असं लिहिलंय तिथं.
कुठं?
इथं.
त्यांनी पदराला बोट पुसलं
आणि अंगठा उठवला.