बुटांचे तळ

फॉर्मवर त्यानं लिहिलं: रोज आठ किलोमीटर चालतो.
मी त्याच्या बुटांकडे पाहिलं.
नवेकोरे. किमतीची चिठ्ठी
एका तळाला अजून चिकटलेली.

कार्डिफहून तीन तास गाडी हाकत आला होता एमरिस,
आमच्या वेल्सच्या आडव्या पावसातून,
पैसे मोजून आणलेले, पाकिटात एक फोटो:
काळीपांढरी कॉली, हिरवा उतार, मागे मेंढ्यांचा पुंजका.
"अशीच हवी," म्हणाला.
मी म्हटलं, उतारही नेणार का बरोबर?

तिसरा मजला. लिफ्ट. बाल्कनीत दोन कुंड्या.

मग मॉटची गोष्ट सांगितली त्याला.
त्यालाही असंच दिलं होतं एका घरी.
चांगली माणसं, खोटं कशाला बोलू,
वाढदिवसाला त्याच्यासाठी केक आणायची.
सहा महिन्यांनी परत आला तेव्हा
तो भिंतीवरच्या सावल्या वळत होता.
रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे छतावरून सरकायचे,
त्यांना कोपऱ्यात कोंडायला धावायचा,
आणि दिवे काही कोंडले जायचे नाहीत.
पुढचा पाय चाटून चाटून लाल केलेला.
हौसेला मोल नसतं म्हणतात.
असतं. ते कुत्रं चुकवतं.

एमरिस चहात साखर ढवळत राहिला,
ती केव्हाच विरघळली होती.
"रविवारी ऊन पडल्यावर तुम्ही कोण असता
ते नका सांगू," मी म्हटलं.
"नोव्हेंबरातला मंगळवार. सकाळचे सहा. काळोख.
तेव्हा कोण असता?"

"झोपलेला असतो," तो म्हणाला, खूप वेळानं.
"घड्याळं दुरुस्त करतो मी. दिवसभर बसून.
चालायची ती कॅट्रिन. आठ किलोमीटर तिचे.
बूट परवा घेतले. वाटलं, पाय शिकतील."
फॉर्म ओढून त्यानं आठवर रेघ मारली,
खाली लिहिलं: कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत.
पाऊस नसेल तर.

इतकं खरं उत्तर वीस वर्षांत
या टेबलावर कुणी लिहिलं नव्हतं.

मी त्याला खालच्या गावात धाडलं, बहिणीकडे.
तिच्याकडे ग्रेहाउंड असतात, शर्यतीतून निवृत्त झालेले.
एके काळी ताशी साठच्या वेगानं धावलेली पेगी
आता दिवसभर सोफ्यावर, चारी पाय वर,
आणि पाऊस दिसला की दारातूनच माघारी.
नाताळात त्याचं कार्ड आलं:
"आम्ही दोघं नऊला उठतो.
ती टिकटिक ऐकत झोपते."

गोष्ट इथं संपली असती तर बरं होतं.

पण काल रात्री फॉर्मचा गठ्ठा आवरताना
एक कोरा हाती आला, आणि मी चष्मा लावला.
वय: एकाहत्तर.
खुबा: डावा, धातूचा.
मेंढ्या: विकल्या, दोन वर्षांपूर्वी.
डोंगरावर शेवटचं कधी गेलात:
इथं पेन अडलं.
टेबलाखाली सिओनी, चार महिन्यांची,
वेतातली सगळ्यात तल्लख,
म्हणून मी स्वतःसाठी राखलेली.
माझ्या सपातांच्या तळाला नाक लावून
काहीतरी शोधत होती,
गवत, लेंडी, चिखल, काहीही.
तळ मऊ. स्वच्छ.

सकाळी मारेदला फोन केला, वरच्या शेतावरच्या.
एकोणीस वर्षांची पोर, तिचे बूट
मी कधी वाळलेले पाहिले नाहीत.
सिओनी तिच्या मागं निघाली
आणि फाटकाशी एकदाही वळून पाहिलं नाही तिनं.
मला राग आला. खरंच आला.
मग आठवलं, मीच शिकवते त्यांना
नजर पुढं ठेवायला.

मॉट आहे अजून, तेरा वर्षांचा.
संध्याकाळी टपालाची गाडी वळते वाकणावर,
दिवा भिंतीवरून सरकत जातो.
आम्ही दोघं बघतो.
उठत कुणीच नाही.