पुठ्ठ्याच्या अलीकडे

ओउलूत नोव्हेंबर सरताना तीनलाच अंधारतं.
गुरुवारी आम्ही वूओक्कोच्या स्वयंपाकघरात जमतो,
बूट दाराशी, मोजे ओले,
टेबलावर वीस बाजूंचे फासे आणि दालचिनीचे पाव.

सहा वर्षं.
तेवढ्यात तिनं आम्हाला चार राज्यं दिली,
एक आंधळी राणी,
पुलाखालचा दाढदुखीनं बेजार राक्षस,
आणि आम्ही सहज नाव विचारलं
त्या प्रत्येक ऐऱ्यागैऱ्याला नाव.

परवा इल्पो म्हणाला,
"सराईवाल्याला विचारतो, उत्तरेचा रस्ता कुठला?"
वूओक्को पुठ्ठ्याच्या आडोशामागे गप्प.
फ्रिज घरघरला, थांबला.
"मला माहीत नाही," ती म्हणाली.
आम्हाला वाटलं, सराईवालाच बोलतोय.
इल्पोनं त्याला दमसुद्धा भरला, फासा टाकून.
अठरा पडले.

मग तिनं वही आमच्याकडे फिरवली:
तारीख, खाली रेघ,
रेघेखाली तिच्या रात्रपाळ्या
आणि "दूध".

माफी कुणी मागितली नाही; आमच्यात ते जमत नाही.
आऊलिक्कीनं कॉफी ओतली.
बस चालवणारा तोइवो उठला,
पुठ्ठा स्वतःपुढे ठेवला, तोही उलटा,
गुपितं सगळी आमच्या बाजूला.
"एक गाव आहे," तो म्हणाला. "म्हणजे… घरं आहेत. बरीच."

इतकी रटाळ गोष्ट आम्ही कधी खेळलो नव्हतो.
वूओक्को झाली मोळीविकी,
ना तलवार, ना सूड, ना हरवलेला बाप.
खुर्चीत पाय वर घेऊन बसली,
दोन पाव खाल्ले,
आणि तोइवोला म्हणाली,
"मला काय दिसतंय?"