साडेचारशे मिलिमीटर

बसायची उंची साडेचारशे मिलिमीटर,
असं पुस्तकात आहे.
पुस्तकातली माणसं एकाच मापाची,
बाजूनं काढलेली, चेहरा नसलेली,
गुडघे काटकोनात.

मी मेडिकल चौकात टेप घेऊन गेले, मे महिन्यात,
डोक्याला दुपट्टा, पर्समध्ये आईनं कोंबलेला कांदा.
लोक आधीच बसले होते.
दुभाजकावर: दोनशे ऐंशी.
बंद पडलेल्या बँकेच्या पायरीवर: एकशे सत्तर.
संत्र्यांच्या उलट्या क्रेटवर: तीनशे दहा.
स्टँडवरच्या स्कूटरवर, एका कुशीला कलून: सातशे साठ.
आणि एक बाई आपल्याच टाचांवर.
टेप लावायला जागाच नव्हती
ती आणि जमीन यांच्यात.

"काय मोजून रायली वं?"
बाक बसवायचाय, म्हटलं. कसा हवा?
"बसता तं कुठीबी येते, पोरी.
उठाले पायजे काई तरी."
भंडाऱ्याकडची होती. नवरा आत, वॉर्ड तेवीस.
नाव पुकारलं तशी तिनं माझं मनगट धरलं,
विचारून नाही,
कठडा धरावा तसं,
आणि सगळं वजन टाकून उभी राहिली.
मी वहीत लिहिलं:
हात. जमिनीपासून साडेसहाशे.

ऑफिसात पराते साहेब म्हणाले,
हात द्याच. पण मधोमध. दोन द्या.
म्हणजे कोणी आडवं होणार नाही.
रागानं नाही म्हणाले.
बशीतला चहा फुंकत,
डास येतात, जाळी लावून घ्या,
असं सांगावं तसं.

जुना बाक अजून आहे तिथं. स्टीलचा.
पाठीवर माजी नगरसेवकाचं सौजन्य,
उन्हानं फोटोचा फक्त निळा रंग उरलेला.
अकरा ते पाच त्यावर कोणी टेकत नाही.
एक कुत्रं त्याच्या खाली झोपतं.
डिझाइन त्याला कळलंय.

पलीकडे डोमाजी शेंद्रे चाव्या घासतात.
पेटी सकाळी कडुलिंबाच्या पश्चिमेला,
बाराला बुंध्याशी,
चारला सरकत पार झेरॉक्सच्या दारात.
"तुमी बाक एका जागी ठोकान," ते म्हणाले,
"सावली काई नोकरीत नाई जी."
मग कानशीच्या टोकानं त्यांनी सिमेंटवर रेघा ओढल्या,
दहाची, बाराची, दोनची, चारची,
आणि उरलेल्या वेळात
एका गोदरेजची डुप्लिकेट काढून दिली कुणाला तरी.

रात्री त्या रेघांवरून मी बाक लांब केला.
बुंध्यापाशी थोडा वाकवला.
दगड घेतला, स्टील नाही.
हात दिले, जिथून माणूस उठतो तिथं, टोकांना.
आणि प्रमाण कळावं म्हणून
नकाशात एक माणूस काढला:
आडवा, चपला उशाशी,
डबा पोटाजवळ.

फाईल तीन आठवड्यांनी आली.
दोन टेबलांच्या सह्या, एक चहाचा डाग,
आणि लाल शाईत:
'झोपलेला इसम वगळून फेरसादर करावे.'

बरोबर आहे.
मी इसम पुसला. चपला पुसल्या.
डबा पुसताना जरा वेळ लागला.
दोन हातांमधलं अंतर तेवढं राहू दिलं,
एक हजार आठशे पन्नास,
आणि त्यावर कुणाची
हरकत आलेली नाही अजून.